देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यायचे, हा जुना रिवाज. लोकमान्य झाले, आगरकर झाले, अहिल्यादेवी तर माळव्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरच्याच. यंदा आम्ही एका शाळामास्तरांचे चरित्र लिहायला घेतले आहे. त्यांचा पुतळा आम्ही कुठे पाहिलेला नाही. पण त्यांचे आडनाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापलेले आहे, आणि ते आडनाव मराठी आहे हे आपल्याच मुलांना ठाऊक नाही.

हे सुचले ते रस्त्यावर. आग्रा-मुंबई रस्ता आपल्या मानपुरावरून जातो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसले की ट्रकांची रांग दिसते. एमपी ०९ आपल्या इंदूरच्या, आणि मधूनच एमएच १५, म्हणजे नाशिकच्या. गेल्या वर्षी घरातल्या मुलांना आम्ही एक खेळ दिला. ट्रकच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक घ्या. चारही अंक सारखेच असतील तर तो ट्रक सोडा. बाकी कोणताही चालेल. ते अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य मांडा. असे करीत गेलात की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते, आणि एकदा आले की हलत नाही; कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च राहते. मुलांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग आमचे चहाचे बिल येईपर्यंत अकरा ट्रक तपासले. अकराही ट्रक त्याच मुक्कामी पोहोचले.

या ६१७४ला जग कापरेकर स्थिरांक म्हणते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्या एमएच १५वाल्या मुलखातले, नाशिकजवळच्या देवळालीचे मास्तर.

जन्म मात्र डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे या वादात आम्ही पडत नाही. पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड लागते, अंश-कलांची बेरीज-वजाबाकी लागते, आणि आईविना वाढणाऱ्या त्या मुलाला वडिलांच्या मांडीशी बसून हीच करमणूक मिळाली. पुढे ठाण्याच्या शाळेत असताना अंकांची कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, यांनी जे महाविद्यालय नावारूपाला आणले, तेच हे. या रँग्लर परांजप्यांच्या नावाने गणितातल्या स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक होते. ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. तिथे त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. पुढची पदवी नाही, संशोधनासाठी मार्गदर्शक नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

देवळाली म्हणजे आपल्या महूसारखीच छावणी. गंमत अशी की या गावाचे नाव इंग्रजी भाषेत आधीच जाऊन बसले होते, आणि तेही भलत्याच अर्थाने. मायदेशी परतणारे गोरे सोजीर बोटीची वाट पाहत इथे महिनोन्‌महिने अडकून पडत आणि कंटाळून वेडेपिसे होत; त्यावरून भ्रमिष्ट माणसाला इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणू लागले. त्याच गावात एक मास्तर सायकलवर फिरत, खासगी शिकवण्या घेत, नदीकाठी बसून आकडे मांडीत. त्यांनाही लोक थोडेफार डुलॅलीच समजत असावेत. आपल्या या नादाला ते स्वतः व्यसनाचीच उपमा देत: प्यायला बसलेल्याला जसे ते सुख संपू नये असे वाटते, तसे आपले आकड्यांच्या बाबतीत होते, असे त्यांचे म्हणणे असे.

त्यांनी संख्यांना जी नावे ठेवली ती पाहिली की माणूस कळतो. मुंबईपासून तीसेक मैलांवर, जी.आय.पी. रेल्वेवर एक स्टेशन होते. आजचे डोंबिवली. त्याचे तेव्हाचे नाव डेम्लो. तिथे त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्या झाल्या डेम्लो संख्या. ११चा वर्ग १२१, १११चा वर्ग १२३२१, ११११चा वर्ग १२३४३२१. डोंगर चढून उतरावा तशा या संख्या त्याच कुळातल्या. मोठे लोक आपल्या शोधांना राजाचे, आश्रयदात्याचे, गुरूचे नाव देतात. यांनी लोकल गाडीच्या स्टेशनचे दिले.

दुसरे नाव हर्षद. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जात असेल तर ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. बाप्पाला आपण २१ दूर्वा वाहतो, २१ मोदकांचा नैवेद्य दाखवतो. २ आणि १ मिळून ३, आणि ३ सत्ते २१. म्हणजे २१ हर्षद. रामानुजनांच्या नावाने प्रसिद्ध झालेली १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. तीही हर्षद. हे नाव कापरेकरांनी १९५५च्या सुमारास ठेवले. पुढे १९७७ साली आयव्हन निव्हन या गणितज्ञाने एका परिषदेतल्या व्याख्यानात याच संख्यांचा विषय काढला, आणि पाश्चात्त्य पुस्तकांत त्या निव्हन संख्या म्हणूनही रूढ झाल्या. एकाच संख्येची दोन नावे आज शेजारीशेजारी नांदतात. आमच्या मते हर्षद हेच अधिक गोड, आणि ते आधीचेही आहे.

तिसरे नाव त्यांनी आपल्या गावाचेच दिले: देवळाली संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येते. म्हणून १५ ही २१ची जननी. पण काही संख्या अशा असतात की त्यांना जननीच नाही. २० घ्या, कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० काही येत नाही. तशीच ३१, ४२, ५३. इंग्रजीत त्यांना सेल्फ नंबर म्हणतात. आपल्याला जवळचा शब्द स्वयंभू. आता जपमाळेतले १०८ तपासा. ९४ पासून ९४, ९, ४ मिळून १०७ येते. ९५ पासून १०९. १०० पासून पुढे गेलात तरी १०३ पासून १०७ आणि १०४ पासून १०९. दोन्हीकडून १०८ निसटतेच. म्हणजे १०८ स्वयंभू आहे. शिवाय ९ बारे १०८, म्हणून हर्षदही. यात दैवी संकेत आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. माळ कापरेकरांच्या कितीतरी आधीची. पण उपरण्याखाली माळ ओढणाऱ्या आजोबांना हे सांगितले तर ते खूश होतात, हा आमचा अनुभव आहे.

त्यांच्या आडनावाच्या संख्या मात्र वेगळ्या आहेत. ४५चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. ५५चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. ९९चा वर्ग ९८०१, आणि ९८ अधिक ०१ म्हणजे ९९. २९७चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

इथे थोडे थांबू, कारण कापरेकरांच्या आयुष्याचा खरा पेच या ९८०१ मध्येच आहे. रामानुजनांना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या आयुष्याच्या कैफियतीसारखे एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात कोणते गणित मोलाचे आणि कोणते बिनमोल हे सांगताना त्यांनी बिनमोलाचे उदाहरण म्हणून नेमकी ९८०१ घेतली. ही संख्या उलट लिहिली की १०८९ होते आणि १०८९ची नऊपट म्हणजे पुन्हा ९८०१. तशीच दुसरी ८७१२, जी २१७८ची चौपट. हार्डींचे म्हणणे असे की या गोष्टी वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखे काही नाही. कारण त्यातून पुढे कोणताही व्यापक सिद्धांत निघत नाही. हार्डी काही किरकोळ माणूस नव्हे. त्यांचा शब्द म्हणजे त्या काळी गणितातला धर्मनिर्णय. आणि देवळालीचे मास्तर तर आयुष्यभर याच मालाचे दुकान मांडून बसलेले.

त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांची थट्टा केली. त्यांचे काम क्षुल्लक ठरवले. बड्या नियतकालिकांत जागा मिळेना. लहानसहान मासिकांत काही लेख आले, बाकीचे त्यांनी पुस्तिका काढून स्वतःच छापले. त्यावर प्रकाशक म्हणून स्वतःचेच नाव आणि देवळालीतल्या खरेवाड्याचा पत्ता असे. मास्तरकीच्या पगारात छपाईचा खर्च काढणे काय असते ते आपल्यातल्या शिक्षकांच्या घरांना सांगायला नको. गणिताच्या परिषदांना ते जात, तेही पदरमोड करून.

६१७४ त्यांना १९४६ साली सापडली. १९४९च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि १९५५ साली अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्यावरचा लेख छापून आला. सापडण्यापासून छापण्यापर्यंत नऊ वर्षे.

आता हा चमत्कार का घडतो, ते सांगतो. ज्यांना गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा, आम्ही रागावणार नाही. चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावले. सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा केला की एक फरक मिळतो, मधल्या दोघांचा दुसरा. उलटसुलट करून केलेल्या वजाबाकीचे उत्तर म्हणजे पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट, दुसरे काही नाही. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. मोजून पाहा, अशा जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे हजारो संख्यांपैकी कोणतीही घेऊन निघालात तरी पहिल्याच वजाबाकीनंतर तुम्ही ५४ घरांच्या एका लहानशा वाडीत येऊन पडता. त्यातही मधले दोन अंक वेगळे असतील तर उत्तराच्या कडेच्या दोन अंकांची बेरीज नेहमी १० आणि मधल्या दोघांची ८ येते. ६१७४ मध्ये पाहा: ६ आणि ४ दहा, १ आणि ७ आठ. मग त्या ५४ घरांतून वाटा कुठे जातात ते एका संध्याकाळी कागदावर काढता येते. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागे काढले. सगळ्या वाटा एकाच दारी येतात.

तीन अंकांतही असेच होते, तिथला मुक्काम ४९५. पण दोन अंकांत नाही. तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ अशी चकरी सुरू होते आणि थांबतच नाही. पाच अंकांतही एकच असा मुक्काम नाही. म्हणजे चार अंकांत हे घडेलच असे आधी सांगता येत नव्हते. कोणीतरी बसून पाहावे लागले.

आणि ६१७४च्या अंकांची बेरीज करा. १८. तिला १८ने भाग द्या. पूर्ण जातो, उत्तर ३४३, म्हणजे सातचा घन. मास्तरांची सर्वांत लाडकी संख्या त्यांच्याच व्याख्येने हर्षद निघाली. शिवाय १८, १८चा वर्ग ३२४ आणि १८चा घन ५८३२ यांची बेरीज करून पाहा, ती ६१७४च येते. १८ आकड्याशी हिचे हे इतके सख्य कशाने, ते आम्हाला विचारू नका. आकड्यांतल्या काही ओळखी नुसत्याच असतात. हार्डी हसले असते. आम्हालाही हसू आले, फक्त निराळे.

तरीही हार्डींचा आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. आपण दहा बोटांमुळे दशमान पद्धतीत मोजतो. बारा बोटे असती तर ६१७४चे कौतुक राहिले नसते. हे गुण संख्येचे कमी आणि आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे जास्त, हे खरेच आहे. रामानुजनांच्या पंगतीला कापरेकरांना बसवण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. पण त्यातून पुढे काही निघत नाही, हा दुसरा भाग मात्र टिकला नाही. कापरेकर संख्या जोडीने येतात: ४५ आणि ५५ मिळून १००, २९७ आणि ७०३ मिळून १०००. हा योगायोग नव्हे. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. ४५ला ९ने पूर्ण भाग जातो आणि ११ने भागल्यास बाकी १ राहते. ५५ला ११ने पूर्ण भाग जातो आणि ९ने बाकी १. तसेच ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. २९७ला २७ने पूर्ण भाग, ३७ने बाकी १. ७०३चे नेमके उलट. म्हणजे या संख्या ९९, ९९९, ९९९९ अशा नवांच्या ओळींच्या विभाजकांतून जन्मतात. डग्लस इयानुची या अभ्यासकाने २००० साली या सगळ्या कुळाचा पद्धतशीर शोध घेऊन लेख लिहिला. खेळ म्हणून उचललेल्या दगडाखाली वाट निघाली, पण ती मास्तर गेल्यानंतर चौदा वर्षांनी.

हयातीत त्यांना नाव मिळाले ते एका अमेरिकन लेखकामुळे. मार्टिन गार्डनर हे ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात रंजक गणितावर सदर लिहीत आणि ते जगभर वाचले जाई. मार्च १९७५च्या अंकात त्यांनी कापरेकरांविषयी लिहिले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. शाळा सोडून तेरा वर्षे झाली होती. पत्नी १९६६ साली निवर्तल्या होत्या. राहणी अगदी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरत नव्हते, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करीत होते. जगभरच्या वाचकांनी ज्यांचे नाव त्या महिन्यात पहिल्यांदा वाचले, ते स्वतः पोटासाठी पोरांना अपूर्णांक आणि समीकरणे शिकवीत होते.

यात कोणावर ठपका ठेवावा, हे आमचे आम्हालाच नीट ठरवता आले नाही. गणितज्ञांवर ठेवावा, तर त्यांच्याजवळ हार्डींसारख्यांचा आधार होता. आपल्या समाजावर ठेवावा, तर आपण तरी काय केले? आपल्या घरांतून आजही मुलगा आकड्यांशी खेळत बसला की हे परीक्षेला आहे का, असे विचारले जाते. आम्ही स्वतः विचारले आहे. डहाणूच्या त्या कारकुनाने आपल्या पोराला तसे विचारले नसावे, एवढाच आमचा तर्क.

कापरेकर शेवटपर्यंत देवळालीतच राहिले आणि १९८६ साली वारले.

हा लेख लिहिताना मुलांनी मास्तरांचे जन्मवर्ष त्यांच्याच यंत्रात घालून पाहिले. १९०५: ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. सात म्हणजे लागू शकतात तेवढ्या जास्तीत जास्त. मग त्यांनी शोधाचे वर्ष १९४६ घातले. पहिलेच उत्तर ८१७२. निधनाचे वर्ष १९८६ घातले. पहिलेच उत्तर पुन्हा ८१७२, आणि तिथून पुढे तीच वाट. गणित समजावून सांगण्याच्या नादात आम्ही हे ५४ घरांमुळे होते, यात विशेष काही नाही, असे म्हणालो. धाकटीने ते ऐकून घेतले आणि पुढच्या ट्रकचा नंबर लिहायला घेतला. तो एमएच १५ होता.